वाटीतला खिळा आणि हिरडा: औषधी झाडांतली द्रव्ये नेमके काय करतात?

पंचगंगाकाठ

गेल्या वर्षी माझ्या आईचे रक्त कमी भरले. डॉक्टरांनी लोहाच्या गोळ्या लिहून दिल्या आणि आईने त्या तीन महिने एकही दिवस न चुकवता घेतल्या. तीन महिन्यांनी पुन्हा तपासणी केली, तेव्हा हिमोग्लोबिन ८.९ वरून जेमतेम ९.१ झाले होते. डॉक्टरांनी गोळी बदलण्याआधी एकच प्रश्न विचारला, "गोळीबरोबर आणखी काय घेता?" आई म्हणाली, "काही नाही हो, नुसते हिरड्याचे चूर्ण." ती गेली वीस वर्षे सकाळी कोमट पाण्यातून हिरडा घेते आणि नवी गोळीही त्याच पेल्यातल्या पाण्याबरोबर गिळत होती. आपण औषध घेतो आहोत असे तिला वाटतच नव्हते, कारण हिरडा हा तिच्या लेखी मिठासारखा घरातला जिन्नस आहे.

त्या रात्री मी चिनीमातीच्या वाटीत चमचाभर हिरड्याचे चूर्ण कोमट पाण्यात कालवले आणि त्यात एक गंजलेला खिळा टाकून ठेवला. चूर्णाचे पाणी आधी मातकट पिवळे होते. तासाभरात खिळ्याभोवती जांभळट वलय दिसू लागले आणि सकाळी वाटीत दौतीतल्या शाईसारखे निळे-काळे पाणी होते. मला हे नवल वाटले, पण माझ्या वडिलांना मुळीच वाटले नाही. आमच्या घरी दोन पिढ्या कोल्हापुरी चपलेचे काम झाले आहे आणि हिरड्यात कमावलेल्या ओल्या कातड्याला लोखंड लागू द्यायचे नाही, नाहीतर काळा डाग पडतो आणि तो जन्मात जात नाही, हे त्यांना लहानपणापासून ठाऊक आहे. जुन्या काळी हिराकस, म्हणजे लोहाचा एक क्षार, आणि हिरडा एकत्र करून शाई करीत, तीही याच गुणाने.

हिरड्याच्या वाळलेल्या फळात टॅनिन नावाच्या तुरट द्रव्यांचे प्रमाण तिसऱ्या हिश्शाच्या जवळपास जाते. त्यांत चेब्युलॅजिक आम्ल आणि चेब्युलिनिक आम्ल ही मुख्य असून त्यांचे विघटन झाले की गॅलिक आम्ल व एलॅजिक आम्ल मिळते. टॅनिनला दोन गोष्टींची मोठी ओढ आहे, एक लोहाची आणि दुसरी प्रथिनांची. लोहाशी त्याची गाठ पडली की आतड्यातून शोषले न जाणारे संयुग तयार होते, म्हणजेच माझ्या वाटीत जे झाले ते आईच्या पोटात रोज सकाळी होत असले पाहिजे. प्रथिनांशी गाठ पडली की कातडे कमावले जाते. कच्च्या कातड्यातील कोलॅजेन पाण्यात साठ-पासष्ट अंशांच्या पुढे तापवले तर आक्रसते, पण बाभळीची साल आणि हिरडा यांत कमावलेले कातडे पंचाहत्तर-ऐंशी अंशांपर्यंत तग धरते, कारण टॅनिनचे रेणू कोलॅजेनच्या धाग्यांमध्ये शिरून त्यांना जागोजागी बांधून टाकतात. आमच्याकडे कातडे पिशवीसारखे शिवून, त्यात साल आणि हिरड्याचे पाणी भरून टांगत असत. पाणी हळूहळू पाझरे आणि कातडे आतून बाहेर पिकत जाई. हिरडा चघळल्यावर जिभेला जो कोरडेपणा जाणवतो तेही हेच काम आहे, फक्त तिथे लाळेतली प्रथिने बांधली जातात.

एकाच गुणाने चप्पल टिकते, शाई होते, जुलाब आवरतात आणि गोळी वाया जाते, हे कळल्यापासून "अमुक झाड औषधी आहे" हे वाक्य मला अपुरे वाटू लागले आहे. आपल्या कोल्हापूर जिल्ह्याच्या पश्चिमेकडच्या तालुक्यांत, म्हणजे शाहूवाडी, पन्हाळा, गगनबावडा, राधानगरी, आजरा आणि चंदगड या भागांत, घरोघर वापरली जाणारी पुष्कळ झाडे आहेत. त्यांच्या कोणत्या भागात कोणते द्रव्य असते, ते शरीरात काय करते आणि ते वापरण्याची जुनी रीत तशी का आहे, याविषयी जाणकारांनी लिहावे अशी विनंती आहे.

वैद्य करवीर

ताई, आपण खिळ्याचा प्रयोग केलात हे फार चांगले केलेत. माझ्याकडे येणारे निम्मे रुग्ण चूर्णांचा उल्लेखच करीत नाहीत, कारण विचारले तरी "औषध कोणतेच चालू नाही" असेच उत्तर येते.

हिरड्यापुरते सांगायचे तर एकाच झाडाची फळे बाजारात वेगवेगळ्या नावांनी विकली जातात आणि नाव फळाच्या वयावरून ठरते. आत बी धरण्यापूर्वी वाळवलेले बारीक काळे फळ म्हणजे बाळहिरडा, त्याहून मोठा तो चांभारी हिरडा, जो आपल्या वडिलांच्या कामाचा, आणि पूर्ण वाढलेले पिवळट, भरीव फळ म्हणजे सुरवारी हिरडा. औषधात बाळहिरडा आणि सुरवारी हिरडा यांची कामे निराळी मानतात. बाळहिरडा एरंडेलात किंवा तुपात तळून फुलवायचा आणि मग कुटायचा ही घरगुती रीत आपल्याकडे अजून टिकून आहे.

रीत बदलली की परिणाम बदलतो, हे भावप्रकाश या आयुर्वेदाच्या जुन्या ग्रंथात हिरड्याविषयी नेमकेपणाने सांगितले आहे: चावून खाल्लेला हिरडा भूक वाढवतो, वाटलेला पोट साफ करतो, उकडलेला मळ बांधतो आणि भाजलेला तिन्ही दोष शमवतो. पोट साफ व्हावे म्हणून हिरड्याचा काढा उकळून पिणारे आणि नंतर "उलट बद्धकोष्ठ झाले" म्हणून तक्रार घेऊन येणारे लोक मी दर महिन्याला पाहतो. त्यांनी झाड बरोबर निवडलेले असते, चुकते ती कृती. गरम पाणी टॅनिन भराभर ओढून घेते, हे तर चहा जास्त उकळला की प्रत्येकालाच कळते.

आईंनी हिरडा बंद करण्याची गरज नाही, मात्र तो रात्री घ्यावा आणि लोहाची गोळी निदान दोन तासांच्या अंतराने, चहा-कॉफीपासूनही लांब घ्यावी. लिंबाच्या पाण्याबरोबर घेतल्यास लोह अधिक शोषले जाते. वेळ बदलण्यापूर्वी आपल्या डॉक्टरांना मात्र विचारावे.

चंदगडी काजू

आमच्याकडे काजू फोडण्याचा छोटा कारखाना आहे, त्यामुळे झाडातले द्रव्य म्हणजे काय असते हे मी पुस्तकात न वाचता हातांवर वाचले आहे. काजूच्या टरफलात जे काळपट तेल असते त्यात ॲनाकार्डिक आम्ल आणि कार्डोल असते. ते कातडीला लागले की आधी काही वाटत नाही, दुसऱ्या दिवशी चुरचुरते आणि तिसऱ्या दिवशी साल निघते. काजू फोडायला बसणाऱ्या बायका हाताला एरंडेल चोळून मगच बसतात. बी आधी वाफवून घेतले तर टरफल ठिसूळ होते आणि चीक कमी उडतो.

या काजूचाच रानातला भाऊबंद म्हणजे बिब्बा. दोन्ही एकाच कुळातले आणि आंबाही त्यातलाच, म्हणून आंब्याच्या चिकानेही काही जणांच्या ओठांना फोड येतात. बिब्ब्याच्या फळाच्या सालीत भिलावॅनॉल नावाचे तेलकट द्रव्य असते आणि कपड्यांवर खूण करण्यासाठी परीट जी काळी शाई वापरीत ती याचीच. हे द्रव्य कातडीतील प्रथिनांना चिकटते आणि शरीर त्या बदललेल्या प्रथिनांना परके समजून त्यांच्यावर तुटून पडते. त्यामुळे पहिल्या वेळी काहीच न झालेल्या माणसाला दुसऱ्या-तिसऱ्या वेळी सगळे अंग सुजेपर्यंत त्रास होऊ शकतो. माझ्या चुलत्यांनी गुडघ्याला बिब्ब्याचा चटका लावून घेतला होता. पहिल्यांदा आराम पडला म्हणून पुढच्या वर्षी पुन्हा लावला आणि दोन आठवडे त्यांना लुंगीसुद्धा नेसवत नव्हती. कोणाच्या कामात बिब्बा घालणे असे आपण म्हणतो ते उगीच नाही.

आणि याच फळाच्या आतला गर म्हणजे गोडंबी, जी बाळंतिणीच्या डिंकाच्या लाडवात आपण हौसेने घालतो. फळाखालचे नारिंगी बोंडही वाळवून खातात. म्हणजे एकाच फळात बोटभर अंतरावर विष, औषध आणि खाऊ अशी तिन्ही आहेत. बिब्बा पोटातून देण्यासाठी शुद्ध करतात असे ऐकतो. वैद्यांनी त्यावर लिहावे.

वैद्य करवीर

आपण लिहिले आहे ते अगदी खरे आहे. पाण्यात टाकल्यावर बुडणारे पक्व बिब्बे निवडायचे, त्यांचे देठाकडचे टोक कापायचे आणि विटेच्या भुकटीत घालून ते रगडायचे. भुकटी तेल शोषून घेते आणि लालसर काळी पडते, मग फळे गरम पाण्याने धुवायची. मी विद्यार्थी असताना हे काम हातमोज्यांशिवाय करण्याचा आगाऊपणा केला होता आणि त्याची शिक्षा परीक्षेच्या आठवड्यात भोगली. हे घरी करण्याचे काम नाही, एवढे स्पष्ट लिहून ठेवतो.

आजीबाईचा बटवा

इथे सगळी चर्चा रेणूंची आणि आम्लांची चालली आहे, त्यामुळे थोडा विरोधी सूर लावते. माझी आजी ब्याण्णव वर्षे जगली, तिला चेब्युलॅजिक आम्ल हा शब्द ठाऊक नव्हता आणि तिचे काही अडले नाही. झाडातले एक द्रव्य वेगळे काढून त्यालाच औषध म्हणणे मला पटत नाही, कारण झाड हे शेकडो द्रव्यांचे मिळून बनलेले असते आणि ती एकमेकांना सांभाळून घेतात. शिवाय जे निसर्गाने दिले आहे ते प्रमाणात घेतले तर अपाय कसा करील?

प्रयोगवही

मी कोल्हापुरातच वनस्पतींच्या रसायनशास्त्रात काम करतो. आजीबाईंच्या बटव्यातील दोन मुद्दे मी वेगळे करू इच्छितो, कारण त्यांपैकी एक मला अंशतः मान्य आहे आणि दुसरा मुळीच नाही.

जो मान्य नाही तो आधी घेतो. कोकणात आणि घाटमाथ्याच्या उतारांवर काजरा नावाचे झाड आहे, ज्याच्या बटणासारख्या चपट्या बियांना कुचला म्हणतात. त्यात स्ट्रिक्नीन आणि ब्रुसीन ही अल्कलॉइड, म्हणजे वनस्पतींतली नत्रयुक्त, बहुधा कडू द्रव्ये असतात. आपल्या मज्जारज्जूत स्नायूंना "आता थांबा" असे सांगणारा ग्लायसीन नावाचा निरोप्या असतो. स्ट्रिक्नीन त्याची जागा अडवते, त्यामुळे सगळे स्नायू एकाच वेळी आवळतात आणि माणूस शुद्धीवर असतानाच झटके येऊन गुदमरतो. हेही निसर्गानेच दिलेले आहे. झाडाने ही द्रव्ये आपल्यासाठी तयार केलेली नाहीत, त्याला खाऊ पाहणाऱ्या किड्यांसाठी आणि जनावरांसाठी केली आहेत. आपण त्यातून वाट काढून उपयोग शोधला, एवढेच.

आता जो अंशतः मान्य आहे तो. एक द्रव्य वेगळे काढले की काय होते याचे आपल्या सह्याद्रीतले उत्तम उदाहरण नरक्या आहे. हे दाजीपूर, आजरा, चंदगड, आंबोली या पट्ट्यातील लहानखुरे झाड, ज्याला घाण वासामुळे हे नाव पडले. त्यातील कॅम्प्टोथेसिन हे द्रव्य १९६६ मध्ये अमेरिकेत मन्रो वॉल आणि मनसुख वाणी यांनी एका चिनी झाडातून प्रथम वेगळे केले. यांतले वाणी हे आपल्या नंदुरबारचे. १९७१ मध्ये याच दोघांनी टॅक्सॉलची रचना प्रसिद्ध केली, म्हणजे कर्करोगावरील दोन मोठ्या औषधांच्या मुळाशी एक खानदेशी माणूस आहे आणि आपल्याकडे शाळेच्या भिंतीवर त्यांचे नाव क्वचितच दिसते. नरक्यात हेच द्रव्य आहे हे गोविंदाचारी आणि विश्वनाथन यांनी १९७२ मध्ये दाखवले.

ते काम कसे करते हे सांगतो. पेशी दुभंगण्यापूर्वी तिच्यातल्या डीएनएच्या गोफाला पडलेले पीळ उलगडावे लागतात. टोपोआयसोमरेज नावाचे विकर (एन्झाइम) गोफाचा एक पदर कापते, पीळ सोडवते आणि पुन्हा जोडते. कॅम्प्टोथेसिन नेमके कापल्यानंतर आणि जोडण्याआधी तिथे जाऊन अडकून बसते. डीएनएची नक्कल करणारी यंत्रणा त्या अडकलेल्या जागी येऊन आदळली की दोन्ही पदर तुटतात आणि पेशी मरते. भराभर दुभंगणाऱ्या पेशींना हा फटका जास्त बसतो, म्हणून ते कर्करोगावर चालते, आणि आतड्याच्या अस्तराच्या व रक्त तयार करणाऱ्या पेशीही भराभर दुभंगतात, म्हणून जुलाब आणि रक्त घटणे हे त्याचे दुष्परिणाम.

पण नरक्याची साल उकळून पिणाऱ्याला यातले काहीच मिळत नाही, उलट धोका मिळतो. मूळ द्रव्य पाण्यात जवळजवळ विरघळत नाही. सत्तरच्या दशकात त्याचे विरघळणारे सोडियम क्षार करून रुग्णांना दिले गेले, तेव्हा गुण फारसा आला नाही आणि मूत्राशयातून रक्तस्राव होऊ लागला, म्हणून त्या चाचण्या थांबवाव्या लागल्या. रेणूतील एक कडे रक्तात उघडते आणि कडे उघडले की जोर ओसरतो, हे नंतर समजले. त्यावर रसायनशास्त्रज्ञांनी रेणूत फेरफार करून टोपोटेकान आणि इरिनोटेकान तयार केली आणि अमेरिकेत १९९६ मध्ये दोन्हींना मान्यता मिळाली. झाडापासून सलाईनच्या बाटलीपर्यंत तीस वर्षे लागली. झाडाने कल्पना दिली आणि औषध माणसाने घडवले असे मला म्हणावेसे वाटते.

आजीबाईंचा अर्धा मुद्दा मान्य करण्याचे कारण वेगळे आहे. हिरड्यातील मोठी टॅनिने आतड्यातून जशीच्या तशी शोषली जात नाहीत. त्यांतून सुटलेल्या एलॅजिक आम्लावर मोठ्या आतड्यातील जिवाणू काम करतात आणि युरोलिथिन नावाची लहान संयुगे तयार करतात, जी रक्तात पोचतात. हे जिवाणू सर्वांकडे सारखे नसतात, म्हणून काहींच्या शरीरात युरोलिथिन भरपूर तयार होते आणि काहींच्या शरीरात मुळीच नाही. तेव्हा परीक्षानळीत एखाद्या द्रव्याने काय केले यावरून ते तुमच्या आजीच्या पोटात काय करील हे सांगता येत नाही. "अमुक झाडात अँटिऑक्सिडंट आहेत" अशा जाहिराती मी वाचतही नाही, कारण ते कोणत्याही रंगीत किंवा तुरट सालीविषयी म्हणता येते.

औषधखिडकी

मी औषधविक्रेता आहे. वर अर्जुनाचा विषय अजून निघाला नाही याचे आश्चर्य वाटले, कारण माझ्या दुकानात हिरड्याच्या चौपट अर्जुन खपतो. हृदयविकाराचा झटका येऊन गेलेला माणूस रक्त पातळ करणारी गोळी आणि अर्जुनाचे चूर्ण एकाच पिशवीत घेऊन जातो. अर्जुनाच्या सालीतील द्रव्यांचा रक्त गोठवणाऱ्या बिंबाणूंवर (प्लेटलेट्सवर) परिणाम होतो असे प्रयोगशाळेत दिसले आहे, म्हणून अशा गिऱ्हाइकाला मी डॉक्टरांना सांगितले आहे का, हे विचारल्याशिवाय चूर्ण देत नाही. त्यामुळे दोन-तीन गिऱ्हाइके तुटली. त्याला इलाज नाही. प्रयोगवही यांनी अर्जुनाबद्दलचा पुरावा काय आहे हे सांगितले तर मी ते छापून काउंटरवर लावीन.

प्रयोगवही

अर्जुनाच्या सालीत अर्जुनोलिक आम्ल, अर्जुनिक आम्ल, अर्जुनेटिन अशी त्रिटर्पिन कुळातील द्रव्ये आहेत आणि त्यांच्या जोडीला टॅनिनही भरपूर आहे. माणसांवरचा पुरावा मात्र दोन टोकांचा आहे. १९९५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका चाचणीत, नेहमीच्या औषधांना दाद न देणाऱ्या हृदयदौर्बल्याच्या बारा रुग्णांना सालीचा अर्क दिला असता स्पष्ट सुधारणा दिसली. त्या बारा जणांवर पुढची वीस वर्षे लेख लिहिले गेले. २०१६ मध्ये शंभर रुग्णांची चाचणी प्रसिद्ध झाली. तिच्यात निम्म्यांना अर्क आणि निम्म्यांना दिसायला तसेच पण निष्क्रिय चूर्ण बारा आठवडे दिले होते, आणि हृदयाच्या डाव्या कप्प्याची रक्त बाहेर टाकण्याची क्षमता दोन्ही गटांत सारखीच राहिली. काउंटरवर लावायचे असेल तर एवढेच लावा की चालू असलेली हृदयाची गोळी अर्जुनासाठी सोडण्याइतका पुरावा नाही.

दाजीपूरची वाट

मी राधानगरी तालुक्यातला, घर जंगलाच्या कडेला. सालीच्या गोष्टी शहरात बसून करताना ती साल कुठून येते याचाही विचार व्हावा म्हणून लिहितो.

अर्जुन म्हणून जे विकले जाते ते पुष्कळदा ऐन किंवा किंजळ असते. तिन्ही एकाच कुळातली, ऐन आणि किंजळ आमच्याकडे भरपूर, आणि अर्जुन त्यामानाने ओढ्या-नद्यांच्या काठी. उभ्या झाडात चूक होण्याचे कारण नाही: अर्जुनाची साल गुळगुळीत, फिकट राखाडी, आणि तिचे मोठे पातळ पापुद्रे सुटून खाली गुलाबी-हिरवट अंग दिसते, तर ऐनाची साल काळपट आणि सुसरीच्या पाठीसारखी चौकोनी भेगांची. पण तुकडे करून पोत्यात भरल्यावर ओळखणारा विरळा आणि चूर्ण झाल्यावर कोणीच नाही. चूर्णापेक्षा सालीचे तुकडे विकत घ्यावेत आणि घरी कुटावेत असे माझे मत आहे.

कुड्याचेही तसेच. पांढऱ्या कुड्याच्या सालीत कोनेसीन नावाचे अल्कलॉइड आहे, आव पडल्यावर आमच्या घरी तीच साल ताकात उगाळून देत. काळा कुडा दिसायला त्याच्यासारखाच, शेंगाही तशाच जोडीने लोंबणाऱ्या, पण कोवळेपणी त्यांची टोके एकमेकांना चिकटलेली असतात आणि बी चावले तर ते पांढऱ्या कुड्याच्या बीसारखे कडू लागत नाही. माझी आई बी दाताखाली धरून थुंकायची आणि मगच साल काढायला परवानगी द्यायची.

नरक्याविषयी प्रयोगवही यांनी लिहिले ते वाचून मन भरून आले आणि जरा खंतही वाटली. ज्या काळात त्याला भाव आला त्या काळात आमच्या बाजूला रात्रीतून झाडे बुंध्यापासून तोडून नेलेली मी पाहिली आहेत. नेणाऱ्याला ते कशासाठी जाते हे माहीत नव्हते, त्याला फक्त किलोचा दर माहीत होता. त्या द्रव्याचे प्रमाण लाकडात शेकडा एकाहूनही कमी असते, तेव्हा एवढ्याशा पुडीसाठी किती झाडे गेली असतील याचा हिशेब आपणच करावा. साल काढण्याचीही रीत आहे. खोडाच्या एका अंगाची, वीतभर रुंद पट्टी उभी काढायची आणि तीही बाहेरची. खोडाभोवती कडे काढले की पानांत तयार झालेले अन्न मुळांपर्यंत उतरत नाही आणि दोन वर्षांत झाड उभ्याउभ्या वाळते.

प्रयोगवही

नरक्याच्या बाबतीत एक आशेची गोष्ट आहे. २००५ मध्ये नरक्याच्या ऊतींमध्ये राहणारी एक बुरशी वेगळी काढण्यात आली, जी झाडाबाहेर प्रयोगशाळेतही कॅम्प्टोथेसिन तयार करते. अशा बुरशीतून मिळणारे प्रमाण फारच कमी असते आणि ती पुन्हापुन्हा वाढवली की तिची ही क्षमता ओसरते, म्हणून कारखानदारी अजून लांब आहे. पण झाड न तोडता द्रव्य मिळवण्याची एक दिशा त्यातून दिसली.

आजीबाईचा बटवा

काजऱ्याचे उदाहरण मी मान्य करते. निसर्गाचे म्हणून निरुपद्रवी हे वाक्य मागे घेते. दाजीपूरच्या दादांनी आईचे बी थुंकण्याचे जे लिहिले आहे तेच खरे तर मला सांगायचे होते: आजीला रेणूचे नाव माहीत नव्हते, पण चव, ऋतू आणि कृती माहीत होती, आणि चूर्णाच्या डबीबरोबर यांतले काहीच येत नाही.

माझा एक प्रश्न आहे. आमच्याकडे बिवळ्याच्या लाकडाचा पेला आहे, यजमानांच्या मधुमेहासाठी आणलेला. रात्री पाणी भरून ठेवले की सकाळी ते तपकिरी होते आणि उन्हात धरले की कडेने निळसर झाक मारते. महिन्याभराने मात्र रंग येईनासा झाला. पेला खोटा होता का?

प्रयोगवही

पेला खरा होता, म्हणूनच निळी झाक दिसली. बिवळ्याच्या गाभ्याच्या लाकडातील काही द्रव्ये पाण्यात उतरली की प्रकाशात अशी चमकतात आणि ही खऱ्या लाकडाची जुनी पारख आहे. रंग येईनासा झाला कारण पृष्ठभागातील द्रव्ये धुऊन गेली. आतून पातळ थर तासला तर पुन्हा काही दिवस रंग येईल. त्या लाकडात टेरोस्टिल्बीन आणि मार्सुपिन ही द्रव्ये आहेत आणि प्राण्यांमध्ये त्यांनी साखर कमी झाल्याचे दिसले आहे. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेने नव्याने मधुमेह झालेल्या रुग्णांवर विजयसाराची, म्हणजे बिवळ्याचीच, चाचणी घेतली होती, जिचे निष्कर्ष १९९८ मध्ये प्रसिद्ध झाले आणि बऱ्याच रुग्णांची साखर आटोक्यात आली. पण ती खुली चाचणी होती, तुलनेसाठी निष्क्रिय औषधाचा गट नव्हता, आणि त्यात मोजून दिलेला अर्क होता. पेल्यात रोज किती द्रव्य उतरते हे मोजलेले नसते, पहिल्या दिवशी भरपूर आणि तिसाव्या दिवशी जवळजवळ शून्य. यजमानांनी पेल्याच्या भरवशावर गोळी कमी केली नसावी अशी आशा करतो.

आजीबाईचा बटवा

केली होती. आजच पुन्हा पूर्ववत करायला सांगते आणि उद्या डॉक्टरांकडे घेऊन जाते.

पंचगंगाकाठ

सर्वांनी एवढ्या आस्थेने लिहिले याबद्दल आभारी आहे. वैद्यांनी सुचवल्याप्रमाणे आमच्या डॉक्टरांना विचारले आणि वेळ बदलली: लोहाची गोळी सकाळी अकराला लिंबाच्या पाण्याबरोबर, चहा त्यानंतर दोन तासांनी आणि हिरडा रात्री झोपताना. गोळी तीच ठेवली. काल अडीच महिन्यांनी अहवाल आला, हिमोग्लोबिन १०.८ आहे. चहा लांबवल्याबद्दल आई माझ्यावर अजून रागावलेली आहे.

अर्जुन आणि ऐन यांच्या सालीचे दोन-दोन तुकडे दाजीपूरच्या दादांनी एखाद्या येणाऱ्या-जाणाऱ्याबरोबर पाठवले तर मी दोन्हींचे पाणी काढून खिळ्याचा प्रयोग करून पाहणार आहे, अर्थात वाळून पडलेल्या सालीचे.

वाटीतले ते काळे पाणी मी फेकणार होते, पण वडिलांनी ते ठेवून घेतले. त्यात त्यांनी आणखी चार खिळे टाकले, आठवडाभर मुरू दिले आणि एका न रंगवलेल्या चपलेच्या पट्ट्याला बोळ्याने लावले. पट्टा पाहता पाहता काळा झाला. ओल्या फडक्याने तीनदा पुसला तरी रंग उतरलेला नाही, आणि आता ते दुसऱ्या पायाच्या पट्ट्यासाठी माझ्याकडे हिरड्याचे चूर्ण मागत आहेत.